आधी हिला घ्या

"आधी हिला घ्या ताई, मी येते मागून."

लोकल फलाटाला लागली की बाईंचं पहिलं वाक्य हे. 'ही' म्हणजे त्यांची सायकल. पुढचं चाक लेडीज डब्याच्या दारात टेकवायचं, आतल्या कुणाच्या तरी हाती हँडल द्यायचं आणि मग दाराचा दांडा धरून स्वतःला वर ओढायचं. सायकलीपेक्षा बाईंनाच जास्त वेळ लागे.

सिकंदराबादहून सकाळच्या गाडीनं जाणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पन्नाशी ओलांडलेल्या, साडी वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट. जागा कमी लागावी म्हणून सायकलीचं हँडल वळवून कापडी पट्ट्यानं दांड्याला बांधलेलं. डब्यात सायकल चालते की नाही, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, आणि बाई कधी विचारायला गेल्या नाहीत.

माझं ऑफिस आबिड्सहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला हललं, तेव्हा मी लोकलनं जाऊ लागले. एक दिवस फोनवर बहिणीशी बोलत होते. मागून आवाज आला, "मराठी हाय म्हना की! मग सरका जरा."

तशी ओळख झाली. त्यांचे वडील नांदेडकडून कामाच्या शोधात इकडे आले आणि इथलेच झाले. नवरा वारला होता, मूल नव्हतं. एका अपार्टमेंटमध्ये पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या आजींना सांभाळायचं त्यांचं काम. स्टेशनपासून ते घर बरंच लांब, आणि बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. फलाटावर चार पावलं टाकली तरी त्या खांब धरायच्या. पण सायकलीवर बसल्या की सुटल्याच. डॉक्टरांना म्हणे त्यांनी सांगितलं होतं, "साहेब, पाय चालत न्हाईत, पर फिरतेत. फिरतेत तवर फिरवू द्या."

भांडणं रोजची होती. कुणाच्या साडीला चेनचं तेल लागे, कुणाच्या पोटरीला पेडल.

"ये ट्रेन है या सैकल स्टँड?"

"तुमारी गोद में बैठी क्या वो? खडीच है ना बिचारी!"

सगळा डबा हसायचा. तक्रार करणारीलाही हसू यायचं.

सायकल आत ओढून घेण्याचं काम बहुतेक वेळा लावण्याच करायची. ती एका औषधांच्या दुकानात बिलं करायला जायची. लग्न ठरत आलेलं, हातावर कधी मेंदी, कधी नेलपॉलिश. बाई तिला 'माझी ड्रायव्हर' म्हणायच्या. बाईंच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा तिनं एकदा चाखला, तेव्हापासून त्या तिच्यासाठी एक भाकरी जास्तीची आणू लागल्या.

त्या दिवशी एक गाडी आलीच नाही, आणि पुढची आली ती दारापर्यंत भरून. लावण्या आधीच्या स्टेशनावर चढलेली, दाराशीच उभी होती. मी बाईंना म्हणाले, "ही सोडू या. पुढच्या गाडीनं जाऊ."

"न्हाई ताई. आजीची लेक ड्यूटीवर गेली असंल. म्हातारी एकटी हाय, वल्ल्यात पडली असंल."

त्यांनी चाक दारात टेकवलं. लावण्यानं हात पुढे करून सायकलीचा दांडा पकडला. मागून लोटालोट झाली, मी बाजूला फेकली गेले आणि गाडी हलली. मागचं चाक फलाट आणि डबा यांच्या फटीत उतरलं. बाईंनी सायकल सोडून दिली आणि त्या ओरडल्या, "छोड बेटा, छोड!" पण लावण्याची बोटं हँडल आणि दांड्याच्या मध्ये अडकली होती. सायकल खाली ओढली गेली. आतल्या बायकांनी लावण्याला कमरेला धरून मागे खेचलं, म्हणून ती वाचली. हात वाचला नाही. दोन बोटं गेली, उरलेली वाळल्या शेंगांसारखी ताठ झाली. उजवा हात.

दवाखान्यात बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसेनात. लावण्याची आई आली, तिनं बाईंकडे पाहिलं. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "तुमकू पाँव चाहिए थे. मेरी बच्ची का हात ले लिये."

पोलिसांनी जबाब घेतले. मी पाहिलं ते सांगितलं : गर्दी, धक्का, सगळं. बाईंनी एकच सांगितलं, "चूक माजी हाय. ताईनं थांब म्हनलं, मी थांबले न्हाई."

ठरत आलेलं लग्न मोडलं. आजींच्या लेकीनं दुसरी बाई ठेवली. बाईंनी नवी सायकल घेतली नाही. कुणी जुनी देऊ केली, तर "नको" म्हणाल्या.

पण घरी बसल्या नाहीत. रोज एक स्टेशन मागे गाडीनं जाऊन लावण्याच्या घरी जायला लागल्या, पुढचं अंतर चालत. आजींच्या आखडलेल्या हाताला त्या वर्षानुवर्षं तेल लावून व्यायाम देत आल्या होत्या. तेच लावण्याला द्यायचं होतं. आई दार उघडेना. बाई जिन्यात बसून राहायच्या आणि दुपारी परत यायच्या. पावसाळा गेला. मग एकदा लावण्यानंच आतून कडी काढली.

"अम्मा, मैंच पकडी थी," ती बाईंना म्हणाली. "तुम पकडो बोले नैं थे."

बाईंनी तेलाची वाटी तेवढी मागितली. हे मला लावण्यानं सांगितलं.

त्या काळात मी त्यांना एकदा स्टेशनच्या जिन्यावर पाहिलं. पायऱ्यांवर पाठमोऱ्या बसून, दोन्ही हातांवर भार देत, एकेक पायरी वर सरकत होत्या. लोक कडेनं भराभरा चढत होते. मी हात दिला. "र्‍हाऊ द्या ताई, जमतंय," म्हणाल्या, आणि पुढच्या पायरीवर बसल्या.

हिवाळ्यात पाय फिरायचेही थांबले. गावाकडचा भाऊ येऊन त्यांना नांदेडला घेऊन गेला. उन्हाळ्याच्या आत बाई गेल्या.

लावण्या आता पुन्हा त्याच गाडीनं जाते. दांडा डाव्या हातानं धरते. दुकानात आता ती बिलं करत नाही, औषधं मांडून ठेवते. बाई गेल्याचं तिच्याकडूनच कळलं. नांदेडला त्यांच्या आठवणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता.

"तू गेलीस का?" मी विचारलं.

"मैं नैं. मम्मी गई." ती खिडकीबाहेर पाहत होती. "मेरेकू बोली, लंबा सफर है, गर्दी में तेरा हात दुखता. अकेलीच गई."

"आल्यावर काही बोलली?"

"नहाई. बाद में तेल गरम करी और मेरा हात लेके बैठी."