साडेदहाची लाल रेघ

मोपेडवर बसून वेगमर्यादा मोडल्याबद्दल दंड झालेला नागपुरातला एकमेव माणूस बहुधा मीच असेन. हे मी अभिमानाने सांगत नाही. पावती जपून ठेवली आहे, एवढंच.

ज्यांनी मोपेड चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढावर तिला पायडल मारत न्यावं लागतं, सपाटीवर ती कशीबशी तुम्हाला नेते, आणि शेजारून एखादा सायकलवाला "काय भाऊ, बंद पडली का?" असं विचारून पुढे निघून जातो. अशा वाहनावर मी गुन्हा केला! पण त्यामागे एक तत्त्व होतं. माझ्या सगळ्याच फजित्यांमागे एक तत्त्व असतं.

आमच्या घरात मुळाक्षरांचा तक्ता नव्हता, पत्रकं होती. वडील गिरणीत कामाला. ते दर आठवड्याला कुठलं ना कुठलं पत्रक आणत आणि मी ते पाटावर बसून वाचे. इतर मुलं 'कमळ बघ' वाचत होती तेव्हा मी 'बंधूंनो, जागे व्हा' वाचत होतो. पुढे सरकारी कार्यालयात चिकटलो आणि सहा महिन्यांत पहिलं पत्रक काढलं. विषय होता हजेरीचं मस्टर. आम्हा कारकुनांना साडेदहानंतर दहा मिनिटांची सूट होती. साहेबांना सूर्यास्तापर्यंत. मी लिहिलं, 'साहेबाला आणि शिपायाला एकच घड्याळ हवं! सूट ही लाचेची धाकटी बहीण आहे! साडेदहा म्हणजे साडेदहा!!' (उद्गारचिन्हं मूळ पत्रकातलीच आहेत.)

व्यवस्थापनाने मागणी मान्य केली. माझ्या आयुष्यातली ती पहिली मान्य झालेली मागणी. सगळ्यांची सूट रद्द झाली. दहा एकतीसला नावापुढे लाल रेघ, महिन्यात तीन लाल रेघा झाल्या की एक किरकोळ रजा गुल. सहकाऱ्यांनी माझा सत्कार केला नाही. तेव्हा मी बिनलग्नाचा होतो आणि पहाटे पाचला उठून विचार करत बसायचो. मला दहा मिनिटांचं काय!

मग लग्न झालं. सुमनला भिवापूरच्या शाळेत नोकरी होती. शनिवारी संध्याकाळी एसटीने यायची, सोमवारी पहाटे जायची. मग मुलगी झाली. तिचं नाव मी क्रांती ठेवलं. तीन वर्षं ती आईजवळ राहिली, पण तिथे तिला सांभाळणाऱ्या सुमनच्या मावशी वारल्या आणि क्रांती माझ्याकडे आली. मनीषनगरच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. तेव्हा त्या भागात घरं मोजकी आणि शेतं जास्त. संध्याकाळी बोलायला कोणी नसे, म्हणून मी क्रांतीशीच बोलायचो, आणि मला सभेत बोलतात तसंच बोलता येतं. वरण गरम होईपर्यंत मी तिला कामाच्या तासांचा प्रश्न समजावून सांगे. ती ताट वाजवून घोषणा देई. ताटं मात्र आम्ही तीन मांडायचो. का, ते मी तिला कधी विचारलं नाही, तिनेही मला विचारलं नाही.

सुमन येताना भिवापूरची मिरची आणायची. तिच्या पिशवीला, पदराला, केसांना तोच ठसका. दारात शिंक आली की क्रांती ओरडायची, "आई आली!"

आता डिसेंबरातला तो सोमवार. बुधवारी क्रांतीचा पाचवा वाढदिवस होता. सुमनच्या शाळेत तपासणी, तिला रजा नाही. मी वर्षभर कंजुषी करून एक किरकोळ रजा शिल्लक ठेवली होती. बुधवारी पहिल्या एसटीने मी क्रांतीला भिवापूरला नेणार होतो. तिने आठ दिवस आधीच आपली पिशवी भरली होती. त्या महिन्यात माझ्या नावापुढे दोन लाल रेघा होत्या. तिसरी पडली तर ती रजा जाणार होती. बस, एवढीच अट.

घरून नऊ पन्नासला निघालो. रेल्वेचं फाटक बंद! मालगाडी अशी जात होती, जणू तिला कुठेच पोचायचं नव्हतं. क्रांती डबे मोजत होती. "बाबा, एकोणचाळीस!" चाळिसावा डबा फाटकाच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि तिथेच विचार करत बसला.

फाटक उघडलं तेव्हा दहा बारा. बालवाडीच्या दारात पोचलो तेव्हा दहा एकवीस. बालवाडीच्या बाईंनी आतून कडी लावली होती.

"बाई, उघडा ना! एकच मिनिट उशीर झाला."

"दहा वीसनंतर दार उघडत नाही भाऊ. नियम आहे."

"पण लहान मूल आहे!"

"इथं सगळीच लहान मुलं आहेत. अन् तुम्हीच तं मागच्या पालकसभेत उभं राहून सांगितलं, सवलत म्हणजे लाचेची बहीण. मले लय पटलं ते."

चांगला श्रोता मिळणं ही एक आपत्ती असते.

क्रांतीला पुन्हा मागे बसवलं. नऊ मिनिटं हातात होती. बर्डीकडे, म्हणजे माझ्या कार्यालयाकडे जाताना जो उतार लागतो, त्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा ब्रेकवरचा हात काढला. मोपेडने अंगातली सगळी लाज सोडली! हँडल थरथरत होतं, क्रांती मागून "अजून! अजून!" ओरडत होती, आणि मघाचा सायकलवाला (तोच असावा, अशी माझी फार इच्छा आहे) मागे पडला.

शिट्टी वाजली.

वाहतूक सप्ताह चालू होता. चौकाच्या अलीकडे दोन खांबांच्या मध्ये पोलिसांनी अंतर मोजून ठेवलं होतं आणि हातात स्टॉपवॉच होतं. हवालदार आधी मोपेडभोवती एक फेरी मारून आला.

"किती स्पीड होती, मालूम आहे का गा?"

"मोपेड आहे, हवालदारसाहेब."

"ते मले दिसून राहिलं. म्हणूनच विचारून राहिलो. हे इतकी पळते काहून?"

"उतार होता."

त्याने क्रांतीकडे पाहिलं. तिचं नाक थंडीने लाल झालेलं, स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली (मीच लावली होती). त्याचा चेहरा सैल पडला. "पोरीची माय कुठं आहे?"

"बाहेरगावी."

"असं. जा गा, जा. हळू जा. लेकरू हाय संग."

वाचकहो, तेव्हा दहा चोवीस झाले होते. कार्यालय पाच मिनिटांवर. माझी रजा, क्रांतीची भिवापूरची एसटी, सगळं माझ्या हातात होतं. फक्त जायचं होतं! पण शेजारी एक दूधवाला उभा होता. त्याच्या स्कूटरला दोन कॅन लटकत होते आणि हातात दंडाची पावती होती. तो माझ्याकडे नुसता बघत होता. बोलला असता तर मी भांडलो असतो.

मी म्हणालो, "पावती फाडा."

"काय?"

"गुन्हा केला आहे. मला सूट नको."

"अरे, येडा आहे का तू? मी सोडून राहिलो न तुले!"

"तेच चुकीचं आहे!"

हवालदाराने दूधवाल्याकडे पाहिलं, दूधवाल्याने आभाळाकडे. "काढा साहेब याची पावती," दूधवाला म्हणाला, "याले लागते ते."

पावतीपुस्तक निघालं. हवालदाराने रागारागात कार्बन उलटा घातला. सगळं लिहून झाल्यावर कळलं की नक्कल पावतीच्याच पाठीवर उमटली आहे. पुन्हा सुरुवात. नाव. वडिलांचं नाव. वेग. कारण.

"कारण काय लिहू?"

"व्यवस्थेने लादलेली घाई."

त्याने लिहिलं, 'घाई'.

एवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "कोण म्हणतो देणार नाही!"

चौकाच्या मधोमध वाहतूक पोलिसाचा गोल चौथरा असतो, वर छत्री. क्रांती त्यावर चढून उभी होती. चारी बाजूंनी थांबलेल्या गाड्या तिच्याकडे तोंड करून उभ्या. एवढे श्रोते तिने आयुष्यात पाहिले नव्हते! रोज संध्याकाळी बिचारीला एकटा मी. कॉलेजची पोरं जात होती, ती थबकली आणि त्यांनी जीव तोडून उत्तर दिलं, "घेतल्याशिवाय राहणार नाही!"

"लाल रेघ!" क्रांती.

"मुर्दाबाद!" कॉलेज. कसली लाल रेघ, हे कोणीही विचारलं नाही. आजवर मी घेतलेल्या एकाही सभेला एवढा प्रतिसाद मिळालेला नाही.

रिक्षा थांबल्या, मग बस थांबली. चौथऱ्यावरचा शिपाई हात कुठे करावा हे विसरला. "भाऊ," हवालदार हात जोडून म्हणाला, "हे तुमची पावती, हे तुमची पोरगी. दोन्ही घ्या अन् जा. मी सकाळपासून चहा नाही घेतला."

दहा त्रेचाळीसला क्रांतीला कडेवर घेऊन मी मस्टरपुढे उभा राहिलो. मस्टर सांभाळणारे वानखेडेबाबू लाल पेन्सिलला टोक काढत होते. मला बघून त्यांनी हळहळत मान हलवली.

"तिसरी आहे गा ही. अन् बुधवारी जायचं होतं न तुले?"

"ओढा रेघ."

त्यांनी ओढली. क्रांतीने विचारलं, "बाबा, हीच का ती मुर्दाबादवाली?"

दहा पंचावन्नला साहेब आले, घामाघूम. डिसेंबरात! त्यांची गाडी चौकातल्या गर्दीत अडकली होती. वानखेडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि कार्यालयाच्या इतिहासात प्रथमच साहेबांच्या नावापुढे लाल रेघ पडली. माझ्या पत्रकाचा विजय! मी टाळी वाजवणार होतो, पण एक हात क्रांतीखाली होता.

साहेबांनी आत बोलावलं. क्रांतीला बिस्किट दिलं. "चौकात रहदारी अडली होती, हे रीतसर कारण आहे. आपल्या दोघांच्याही रेघा रद्द करून घेऊ. मी सही करतो. तुम्ही फक्त 'हो' म्हणा."

फक्त 'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराच्या पलीकडे भिवापूर होतं. क्रांती बिस्किटाचा अर्धा तुकडा स्वेटरच्या खिशात ठेवत होती, "आईले," असं मला हळूच सांगून.

"साहेब," मी म्हणालो, "ती रहदारी माझ्याच मुलीने अडवली होती. मला हे मान्य करता येणार नाही."

साहेबांनी सहीचं पेन खाली ठेवलं. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. "तुमच्या घरी कोण कोण असतं हो?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघं."

"हं," ते म्हणाले, आणि आणखी एक बिस्किट दिलं.

संध्याकाळपर्यंत माझी रेघ राहिली. साहेबांच्या रेघेवर 'दौऱ्यावर' असा शिक्का आला. बर्डीच्या दौऱ्यावर!

बुधवारी क्रांती नवा फ्रॉक घालून दारात बसली, पिशवी मांडीवर. जाणार नाही हे मी तिला सोमवारीच सांगितलं होतं, कारणांसह, मुद्देसूद. तिने शांतपणे ऐकलं होतं. तिला वाटलं असावं की भाषण संपलं की निघायचं.

"आईले पण लाल रेघ असते का बाबा?" तिने विचारलं.

"असते."

"तिची कोण ओढते?"

माझ्याकडे या विषयावर पत्रक नव्हतं.

संध्याकाळी तिला बालवाडीतून घरी आणलं, मोपेड लावून आत येतो तर क्रांती स्वयंपाकघरात जमिनीवर. मिरचीचा डबा उघडून तिने त्यात नाक खुपसलं होतं, आणि सटासट शिंकत होती. शिंक आली की दाराकडे बघायची. मग पुन्हा डबा. मी तिच्याजवळ बसलो. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी. भिवापूरची मिरची फारच तिखट असते, एवढंच याबद्दल लिहितो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी मी नवं पत्रक लिहायला घेतलं. असं मी आधी कधी लिहिलं नव्हतं, पुढेही लिहिणार नाही. फाटक त्यात होतं, बालवाडीची कडी होती, स्वेटरची चुकलेली बटणं होती. 'कामकरी मातेला सकाळी अर्ध्या तासाची सवलत मिळालीच पाहिजे!' सवलत हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिला, तोही मागणी म्हणून! वानखेडेबाबूंनी वाचून डोळे पुसले. साहेबांनी वर पाठवलं. दोन महिन्यांत मागणी मान्य झाली. माझ्या आयुष्यातली दुसरी.

परिपत्रक लागलं, 'लहान मुले असलेल्या मातांना अर्धा तास सवलत.' कार्यालयात स्त्रिया तीन. एक निवृत्तीला टेकलेली, एक अविवाहित, आणि तिसरीचा धाकटा मुलगा मिलिटरीत.

शनिवारी सुमनने पत्रक दोनदा वाचलं. "छान लिहिलं तुम्ही," ती म्हणाली. "पण यात बाप कुठं आहे?"

मी शोधलं. चार पानं, सतरा वेळा 'माता'. बाप एकदाही नाही. लहानपणापासून जेवढी पत्रकं वाचली, त्यांत लेकराला कडेवर घेतलेला बाप मला भेटलाच नव्हता. मलाही तो सुचला नाही, आणि लिहिताना क्रांती माझ्या मांडीवर होती!

सोमवारी पुन्हा मालगाडी. दहा एकतीसला मस्टरपुढे उभा राहिलो, कडेवर क्रांती. वानखेडेबाबूंनी लाल पेन्सिल उचलली, परिपत्रकावरून एकदा नजर फिरवली, आणि मोठ्या आशेने मला विचारलं,

"माता आहे का गा तू?"

मी जन्मभर खरं बोलत आलो आहे. "नाही," म्हणालो. रेघ अगदी सरळ आली.