खजुरीतला देवदार

खजुरीच्या शिवारात देवदार लावणारा माणूस वेडाच म्हणायचा. आळंद तालुक्यातलं मे महिन्याचं ऊन बाभळीलासुद्धा नकोसं होतं, तिथं बर्फातलं झाड काय तग धरणार? पण नागप्पाला शहाणपण शिकवायला गेलेला जो तो त्याच्या तोंडाकडे बघून मुकाट घरी परतला.

त्याचा एकुलता एक मुलगा श्रीशैल हिमाचलात रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवायचा. एका दुपारी दरड कोसळली आणि मशीनसकट तो खालच्या नदीत गेला. मशीनचे तुकडे सापडले, श्रीशैल सापडला नाही. त्याच्याबरोबर कामाला असलेला, गल्लीतलाच ईरण्णा वीस दिवस नदीकाठानं हिंडला आणि शेवटी श्रीशैलची बॅग घेऊन गावी आला. दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा होता आणि डब्यात वीतभर रोपटं.

"काका, दुसरं आणण्यासारखं काईच न्हवतं बगा," ईरण्णा म्हणाला. "ज्या डोंगरावनं त्यो गेला, तितलं हाय हे. देवदार म्हंत्यात. बारा म्हैने हिरवं ऱ्हातंय. शंभर-दोनशे वर्सं जगतंय म्हन."

नागप्पाच्या धनगराच्या घरात माणूस गेलं की त्याला शेतातच मूठमाती द्यायची, वर दगड ठेवायचा, ही रीत. श्रीशैलला मूठमाती द्यायला हाती काही आलंच नव्हतं. नागप्पानं बापाच्या समाधीशेजारी खड्डा घेतला, काळ्या मातीत निम्मा मुरूम मिसळला आणि ते रोप लावलं. आता पोराची म्हणून दाखवायला तेवढीच जागा होती, आणि ती जागा हिरवी ठेवणं एवढंच काम म्हाताऱ्याला उरलं होतं.

ते त्यानं जिवापाड केलं. चार मेढी रोवून बायकोचं, पद्माबाईचं, जुनं लुगडं वर ताणलं, भोवती काट्यांचं कुंपण घातलं. उन्हाळ्यात तर तो गाव सोडेना. भाच्याच्या लग्नालाही गेला नाही, बहीण दोन वर्षं बोलली नाही, तरी याला काही नाही. सकाळी पद्माबाई घागर घेऊन जायची, आळ्यात पाणी ओतायची आणि गावातल्या बातम्या झाडाला सांगत बसायची. कोणाची गाय व्याली, कोण पुण्याला गेलं, सगळं. सातव्या वर्षी ती नवऱ्याला म्हणाली, "खांद्याला लागायलाय की वो माझ्या!" त्या दिवशी घरात शिरा झाला.

आठव्या उन्हाळ्यात झाडाचे शेंडे पिवळट पडले. नागप्पा दिवसातून चारदा फांद्या चाळवून बघू लागला.

या माणसाचा जगात एकाच औषधावर भरवसा होता, ते म्हणजे मेंढरं. बापाच्या काळात त्यांचा कळप खतासाठी रानात बसवायला लोक लांबून बोलवायला यायचे. मेंढरं बसली त्या रानातली ज्वारी नजरेत भरायची. गुडघे गेले तेव्हा नागप्पानं आपली मेंढरं विकली होती. म्हणून त्यानं चुलत भाऊ ग्यानबाला बोलावलं, तो अजून कळप राखून होता.

"चार-पाच रोज माझ्या पोराजवळ मेंढरं बसव," नागप्पा म्हणाला.

ग्यानबानं झाडाकडे बघितलं. "मेंढराचं खत लई गरम असतंय, आण्णा. ह्या थंड मुलकातल्या झाडाला सोसंल का?"

"आंब्याला सोसतंय, चिचंला सोसतंय, ह्याला कामून सोसणार न्हाई? मेंढरं म्या तुज्या आदी राखल्यात. तू मला शिकवायलास व्हय?"

थोरल्या भावाचा शब्द म्हणून ग्यानबानं कळप बसवला. पाच दिवस मेंढरं तिथंच मुतली, तिथंच लेंड्या टाकल्या. नागप्पानं तेवढ्यावर भागवलं नाही. इकडच्या तिकडच्या लेंड्या ओंजळींनी गोळा करून त्यानं बुंध्याशी रचल्या. कितीतरी वर्षांनी तो त्या आठवड्यात गुणगुणताना दिसला.

पंधरा दिवसांत सगळं झाड तांबडं पडलं. हात लावला की पानांच्या सुया झरझर गळायच्या. नागप्पानं एक मूळ उकरून बघितलं. काळं पडून करपलं होतं. मेंढराच्या खतानं पोळलेलं मूळ ओळखायला त्याला कोणी शेतीखात्याचा साहेब लागत नव्हता. त्यानं खत बाजूला सारलं, घागरीवर घागरी ओतल्या. पण त्याचा काय उपयोग?

पद्माबाईला त्यानं सांगितलं नाही. ती महिनाभर वाळल्या झाडाला पाणी घालत राहिली. "कामून रुसलास रे बाबा?" असं विचारत राहिली. ते ऐकणं त्याला असह्य झालं. एका सकाळी त्यानं तिच्या हातातली घागर काढून घेतली.

"रुसला न्हाई त्यो. म्या मारलाय. मेंढरं म्या बसवली, खतानं मुळ्या जळल्या. ग्यानबा नको म्हनत हुता."

पुढं होऊन पद्माबाईनं ते वाळकं खोड कवटाळलं आणि हंबरडा फोडला. श्रीशैल गेल्याचा निरोप आला तेव्हा ती अशी रडली नव्हती. धरून रडायला समोर काही नव्हतं. आता तिनं त्याचं नाव घेऊन, त्याचं लहानपण काढून, छाती बडवून घेतली. शेजारच्या रानातल्या बायका धावत आल्या. कोणी तिला आवरलं नाही.

त्या दिवशी नागप्पाच्या घरी चूल पेटली नाही. मयताच्या घरी करतात तसं गल्लीनं भाकरी-पिठलं आणून दिलं. बायकांनी भरवलं, पद्माबाई चार घास जेवली आणि तिथंच भिंतीशी तिचा डोळा लागला. नागप्पाच्या पुढचं ताट तसंच होतं. ईरण्णा त्याच्याजवळ सरकला.

"काका, माजा एक दोस्त तितं हाय अजून. दुसरं रोप मागवू का?"

नागप्पानं आपले दोन्ही तळवे समोर धरून पाहिले.

"नको बाबा," तो म्हणाला. "ह्या हातात देऊ नको."