पानिपतहून आलेला बाबांचा फोन

बाबा वारल्यानंतर अठराव्या दिवशी दुपारी दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या घरी त्यांचा फोन आला. असं माझ्या बायकोचं, वैशालीचं, म्हणणं होतं.

तिच्या म्हणण्याला आधार होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. घाटावर घारी होत्या, दोन माकडं होती, पण कावळा नव्हता! ‘आईला सांभाळीन’, ‘सिगरेट सोडीन’ अशी आश्वासनं मी पाऊण तास मोठ्यानं दिली. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून काम उरकलं. त्या दिवसापासून आईनं बोलणं बंद केलं. ती जेवायची, गोळ्या घ्यायची, बोलायची नाही.

फोन आला तेव्हा मी नोएडाच्या ऑफिसात होतो. आमच्या पानिपत शाखेची मुख्य लाइन रस्त्याच्या खोदकामात तुटली होती. अशा वेळी तिथल्या राउटरनं टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या जुन्या मोडेमवरून आपणहून नोएडाला फोन लावायचा आणि काम चालू ठेवायचं, ही व्यवस्था मीच लावली होती. ती चालत नव्हती.

“बॅकअप है कि नहीं, यार?” साहेबांनी विचारलं.

“बिल्कुल है, सर.”

“तो दिख क्यों नहीं रहा?”

मी नोएडाचा मोडेम बंद करून चालू केला. वायर बदलली. मोडेमही बदलला. (नव्याला हात जोडले, हेही नोंदवतो.) तेवढ्यात वैशालीचा मोबाइलवर फोन.

“अहो, लँडलाइन दर दोन मिनिटांनी वाजतेय. उचलला की नुसतं किंचाळणं! आणि आई त्याच्याशी बोलताहेत!”

“बोलताहेत?”

“आत्ताच म्हणाल्या, ‘गेलात ते गेलात, गिझरचं बटण कुठलं ते सांगून नाही गेलात.’ अहो, बाबाच आहेत! जीव अडकलाय त्यांचा.”

“कुणाचा तरी चावटपणा असेल. रिसीव्हर काढून ठेव.”

“मी नाही काढणार! आठ दिवसांनी तोंड उघडलंय त्यांनी.”

मागून आईचा आवाज आला, “सुधीरनं सिगरेट सोडलेली नाही. गॅलरीत ओढतो.”

वैशालीनं मोबाइल रिसीव्हरजवळ नेला. आधी शीळ, मग खरखर, मग कुणी पत्रा फाडावा तसा आवाज. आवाज मी ओळखला. तो पानिपतचा मोडेम होता! वर्षापूर्वी चाचणीसाठी मी राउटरमध्ये घरचा नंबर घातला होता आणि बदलायला विसरलो होतो.

पानिपतच्या माणसाला फोनवर सांगून नंबर बदलायला दोन मिनिटं पुरली असती. मी अर्धा तास थांबलो. तिकडे आई बोलत होती. इकडे साहेब डोक्यावर उभे होते. शेवटी नंबर बदलला. पानिपत जोडलं गेलं, साहेबांनी पाठ थोपटली आणि घरचा फोन गप्प झाला.

संध्याकाळी पोचलो तेव्हा आई फोनशेजारी बसली होती.

“आई, तो फोन बाबांचा नव्हता. माझी चूक झाली. तो...”

“मोडेम होता,” आई म्हणाली. “तू कॉलेजात होतास तेव्हा तुझ्या इंटरनेटपायी घरात रोज हेच किंचाळणं चालायचं. हे ओरडायचे, फोन मोकळा कर म्हणून.”

“माहीत होतं? मग बोलत का होतीस?”

“आणि कुणाशी बोलू? मला पाहिलं की तुम्ही दोघं आवाज बारीक करता. हा तरी पुन्हा पुन्हा फोन करत होता.” मग तिनं विचारलं, “आता नाही ना यायचा?”

“नाही.”

“बरं.”

वीस वर्षांचा अनुभव असलेल्या मला जो बिघाड शोधायला अख्खी दुपार लागली, तो तिनं पहिल्या फोनलाच ओळखला होता! मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. काय बोलावं ते सुचेना. मोडेमला निदान किंचाळता तरी येत होतं!