माघातल्या पुनवेची वाट

माघ लागला की बेळगुंदीतल्या बैलगाड्यांची तोंडं पूर्वेला वळायची. भात मळून झालेलं, रताळी काढून झालेली, आणि पुनवेला यल्लम्माच्या डोंगरावर पोचायचं म्हणून घरोघरी कडक भाकरीच्या चळती रचलेल्या. सारं गाव पूर्वेला निघे आणि मष्णू तेवढा पश्चिमेला. खांद्यावर घोंगडं, डोक्यावर रताळ्यांचं गाठोडं, हातात कोयता.

"देवीकडं पाठ करून कुठं चाललास रं?" गाडीच्या धुरीवर बसलेला शेजारचा भावकू दरवर्षी विचारायचा.

"दर्याकडं."

"दर्या बघायला यष्टी हाय की. मी न्हाय का बघून आलो."

भावकूनं समुद्र खरंच बघितला होता. सहलीच्या बसमधून उतरून, भेळ खाऊन, गर्दीत एकदाच गुडघाभर पाण्यात उभा राहून तो परत बसमध्ये बसला होता. मष्णूला तो समुद्र नको होता.

मष्णूचा आजा आणि बाप पाठीवर गोण्या घातलेले बैल घेऊन घाट उतरायचे आणि खालून मीठ आणायचे. पुढं मिठाच्या ट्रका सुरू झाल्या, मीठ गावातल्या दुकानात मिळायला लागलं आणि बैलांची वाट रानात मोडून गेली. बापानं ती सोडली. मष्णूनं मात्र एका माघात पाय मोकळे करायला म्हणून ती परत धरली, आणि मग त्याच्यानं ती सुटली नाही. कारवीतून वाट काढत घाटमाथ्यावर जायचं, तिथून ऊन न पोचणाऱ्या रानात उतरायचं. वर धनेश पाखरं फांदीवरून फांदीवर जाताना पंखांचा असा आवाज करायची, की कुणी ओलं धोतर झटकतंय असं वाटावं. खाली ओढ्याकाठी गव्यांचे ताजे खूर. दोन मुक्काम रानातल्या वस्त्यांवर करायचे आणि तिसऱ्या दिवशी झाडं संपून एकदम वाळू लागायची.

त्या वाळूवर कुणी येत नव्हतं. टेकाडाच्या एका अंगाला समुद्रावर जाळी टाकणाऱ्या गाबतांची चार घरं होती, दुसऱ्या अंगाला रिकामा किनारा, आणि समोर पाण्यात एक बेट. मष्णू किनाऱ्यावर पोचायचा तेव्हा दिवस कलायला आलेला असायचा. मग बघता बघता समुद्र दोन्ही अंगांना सरायचा आणि मधून वाळूची पांढरी वाट वर यायची. चालत जाऊन तो बेटावर मुक्काम करायचा. खाऱ्या पाण्यापासून हाताच्या अंतरावर तिथं गोड पाण्याचा झरा होता. सकाळी वाळूत नांगराचं तास ओढल्यासारख्या खुणा दिसायच्या. कासवीण वर येऊन अंडी घालून गेलेली असायची. उजाडता उजाडता वाट पुन्हा उघडी पडायची आणि तो माघारी यायचा.

दरवर्षी असंच होई, म्हणून मष्णूनं मनाशी एक हिशेब धरला होता. रोज दिवस बुडताना गुरं घरी येतात आणि उजाडताना रानात जातात, तसा समुद्रही रोज त्या दोन वेळांना वाट देतो. कुणाला विचारावं असं त्याला कधी वाटलं नाही. डोळ्यांनी बघितलेलं विचारायचं कशाला?

या सगळ्यात एकच गोष्ट त्याला नडली. टेकाडापलीकडच्या घरांत शालूबाई नावाची एक म्हातारी होती. तोंडात दात नाही, पण बोटं चालती. परत येताना मष्णू तिच्या ओट्यावर टेकायचा, तिला रताळी द्यायचा, आणि ती त्याला सुरंगीच्या फुलांचा वळेसर, केसांत माळायचा गजरा, द्यायची. "तुझ्या बायलेक दी," म्हणायची. सुरंगी वाळली तरी तिचा वास जात नाही. तिसऱ्या दिवशी मष्णू घरी पोचला की गाठोड्याआधी तो वास घरात शिरायचा.

रुक्माबाईनं पहिल्यांदा वळेसर हातात घेतला तेव्हा तिनं फुलं बघितलीच नाहीत. दोरा बघितला.

"हे कुणी गुंफलं?"

"हाय एक म्हातारी."

"म्हातारी. व्हय."

ही गोष्ट ओढ्यावर धुणी धुताना बोलली गेली आणि गावभर झाली. मीठ नाही, मासळी नाही, पैसा नाही, तरी गडी सारी यात्रा सोडून दरवर्षी घाट उतरतो, आणि येताना बायकी हाताची फुलं घेऊन येतो. भावकू पारावर बसून म्हणायचा, "आमचा मष्णू दोन संसार करतोय. वरचा आन् खालचा." लोक हसायचे. मष्णूही हसायचा. त्याला वाटायचं, खोटं ते आपोआप विरून जाईल.

रुक्माबाई संकेश्वराकडची. उसाच्या सपाट मुलखात वाढलेली. रानाची तिला भीती होती. पण एका वर्षी, सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला, तीच म्हणाली, "औंदा मी बी येतो."

मष्णूला इतका आनंद झाला की त्याला बसवेना. "मग पुनवंलाच निघू."

"देवीला चुकवून? आदी डोंगरावर जाऊन येऊ. मग तुमचा दर्या."

देवीचं झालं, गाड्या माघारी आल्या, बैलांचे खूर धुतले, आणि मग दोघं निघाली. पुनव मागं पडली होती. रोज उशिरा उगवणारा चंद्र रोज थोडा कुरतडलेला दिसायचा. मष्णूनं त्याच्याकडं बघितलंही नाही. रुक्मा बरोबर आहे एवढंच त्याच्या मनात होतं.

घाटाच्या तोंडाशी हिरव्या डहाळ्यांचा ढीग होता. रानात उतरणाऱ्यानं एक डहाळी मोडून त्यावर ठेवायची, आपण येऊन गेल्याचं रानाला कळवायचं, अशी जुनी रीत. मष्णूनं आपली ठेवली. रुक्माबाईनं दोन ठेवल्या.

"दुसरी कुणाची?"

"असंल कुणाची तरी," ती म्हणाली आणि पदर खोचून उतरायला लागली.

रानात ती घाबरली नाही. धनेशाचे पंख ऐकून थांबली, वर बघून म्हणाली, "केवढं गं बाई." ओढ्याच्या पाण्यात पाय सोडून बसली तेव्हा तर ती परकरातल्या पोरीसारखी दिसत होती. मष्णूला वाटलं, आता फक्त बेट दाखवायचं राहिलं. तिथं कुणी नाही हे तिनं डोळ्यांनी बघितलं की झालं.

टेकाडापाशी वाट फुटत होती. एक गाबतांच्या घरांकडं, एक रिकाम्या किनाऱ्याकडं. मष्णू तिथं घुटमळला. शालूबाईच्या ओट्यावर जावं का? पण घरांत सुना-लेकी असतील, 'मष्णू इलो' म्हणून कुणी हसून पुढं येईल, आणि रुक्माच्या मनात भलतंच येईल. त्यानं आडवाट धरली.

"ती घरं कुणाची?" मागून तिनं विचारलं.

"गाबतांची. आपल्याला काय करायचंय तितं?"

ती त्या घरांकडं वळून वळून बघत मागून चालत राहिली.

किनाऱ्यावर आल्यावर मात्र ती बोलली. उंडीच्या झाडाखाली उभी राहून म्हणाली, "लई मोठं हाय ओ." मष्णूनं तिला बेट दाखवलं. "आता बस हितं. दिवस बुडायला लागला की वाट सुटंल."

दोघं बसली. सूर्य खाली आला. समुद्र सरला नाही. उलट सरकत सरकत वर आला आणि मघाशी जिथं तिनं पायताणं काढली होती तिथपर्यंत पाणी लागलं. मष्णू उठला, पुढं गेला, मागं आला. "सुटंल. रोज सुटती."

तेवढ्यात रुक्माबाईनं हात कपाळाशी धरला. बेटावरच्या झाडीतून धूर वर येत होता. चुलीचा यावा तसा बारीक, सरळ धूर.

"तितं कुणी न्हाय म्हणालात न्हवं?"

मष्णू बघत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं बेटावर धूर बघितला नव्हता. त्यानं धोतर वर खोचलं आणि पाण्यात शिरला. कमरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला. विहिरीत पोहणारा गडी तो, पण हे पाणी आडवं ओढत होतं. मागून रुक्माबाईची हाक आली, "या माघारी." आवाजात राग नव्हता.

सकाळीही तेच. उजाडताना वाटेच्या जागी पाणी भरलेलंच होतं. दुपारी ते जरा हटलं, पण वाळू काही वर आली नाही. मष्णूला थांबायचं होतं. रुक्माबाईनं गाठोडं बांधलं. "चला. कुणाला अडचण नको."

"कुणाला गं?"

तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं.

वाटेत त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं की दरवर्षी वाट सुटते, औंदाच काय झालं कळत नाही. ती "व्हय" म्हणायची. बोलेल तितकं ते खोटं वाटायला लागलं, त्याच्या त्यालाही.

पुढच्या माघात तो घाट उतरला नाही. तिथं आपलं कुणी नाही हे दाखवायचं, तर जायचंच नाही, असं त्यानं ठरवलं. तो गाडीत बसला आणि सगळ्यांबरोबर डोंगरावर गेला. रुक्माबाईनं देवीपुढं कितीतरी वेळ डोकं टेकलं. घरी आल्यावर ती त्याच्याशी फार मायेनं वागायला लागली. टोमणे बंद झाले. दुधावरची साय त्याच्या ताटात पडायला लागली. मष्णूला वाटलं, पटलं तिला.

एकदा पारावर भावकू तंबाखू मळत म्हणाला, "आमची कारभारीण अंबुबाई सांगत हुती, तुझी रुक्मा म्हणाली, देवीनं माणूस माघारी दिलं. बरं केलंस बाबा, सोडलंस ते."

"काय सोडलं?"

"आता मला सांगतोस व्हय?" भावकूनं चिमूट तोंडात टाकली.

मष्णूला त्या दिवशी कळलं. त्याचं घरी बसणं म्हणजे कबुली ठरली होती. ती साय म्हणजे माफी होती. तिला सांगावं, असं त्याच्या मनात बऱ्याचदा यायचं. एकदा त्यानं विषय काढलाही. ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "झालं गेलं. मी कधी काय बोललो का?" तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं की त्याच्यानं पुढं बोलवेना. वर्षं गेली. थोरला लेक गुंडू लष्कराच्या कॅम्पात नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, जयाबाई सून म्हणून घरात आली. रानातली वाट करवंदीच्या जाळ्यांनी मिटत चालली असेल, हे मष्णूला घरात बसून कळत होतं.

शहाऐंशी साली रुक्माबाईनं अंथरूण धरलं. छातीचं दुखणं होतं. एका दुपारी तिनं त्याला जवळ बोलावलं.

"ट्रंकेत हिरवं लुगडं हाय. खण बी हाय, नारळ तेवढा घ्या. माझ्यामागं तिची वटी भरा."

"कुणाची?"

"आता कशाला लपवताय? माझं काय म्हणणं न्हाय म्हणावं."

मष्णूनं उभ्या जन्मात बायकोला नावानं हाक मारली नव्हती. तो म्हणाला, "रुक्मा, कुणी न्हाय गं तितं."

"बरं, न्हाय तर न्हाय," ती म्हणाली. "पर न्ह्या."

ती गेली. त्यानंतरच्या माघात गाड्या पूर्वेला निघाल्या आणि मष्णू लुगडं गाठोड्यात बांधून पश्चिमेला निघाला. ढिगावर त्यानं दोन डहाळ्या ठेवल्या. गुडघे बोलत होते. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर तो टेकाडापाशी पोचला. या खेपेला त्यानं आडवाट धरली नाही. शालूबाई अजून होती, वाकून पार जमिनीला लागलेली. तिनं त्याला आवाजावरून ओळखलं.

मष्णूनं तिला सगळं सांगितलं. वाट सुटली नाही ते, धुराचं, सगळं.

"अष्टमीच्या सुमाराक खंय वाट सुटता रे?" शालूबाई म्हणाली. "ते भांगाचे दिस. चंद्र अर्धो तेवा पाणी धड चढना नाय, धड उतरना नाय. पुनवेक नायतर अवसेक, तेवाच ती पुळण उघडी पडता. आनी भांगाक जाळ्यात मासळी गावना नाय, म्हणान आमचे झील बेटार जातत, होड्येक लावचा तेल कढवतत. धूर तेचोच." ती थांबली. "हय येवचा होता तिका घेवन. माका बघून तिका काय वाटला असता?"

मष्णू तिच्या दात नसलेल्या तोंडाकडं बघत बसला.

दिवस बुडायला लागला तसा समुद्र दोन्ही अंगांना सरला आणि पांढरी वाट वर आली. तो पलीकडं गेला. झऱ्याचं पाणी प्याला. वळून बघितलं तर किनाऱ्यावरचं उंडीचं झाड लख्ख दिसत होतं, त्याखालची बसायची जागासुद्धा. एवढंसं अंतर. गाठोडं सोडून त्यानं लुगडं मांडीवर घेतलं. शालूबाईला द्यावं असं एकदा मनात आलं. पण या किनाऱ्यावर कुणाच्याही ओटीत ते घातलं, तर रुक्मानं धरलेलं खरं होणार होतं. समुद्रात सोडावं तर ते तिनं समुद्रासाठी दिलं नव्हतं. त्यानं घडी पुन्हा बांधली.

घरी आला तेव्हा जयाबाई अंगणात धान्य निवडत होती. तिनं गाठोडं उतरवून घेतलं. आत लुगडं तसंच बघून तिनं मान खाली घातली.

"मामंजी, भेटल्या न्हाईत का?"

"कुणी न्हाय गं तितं," मष्णू म्हणाला. "कवाच न्हवतं."

"व्हय," जयाबाई अगदी हळू, समजुतीनं म्हणाली. लुगड्याच्या घडीतून वाळू सांडली, ती तिनं पदरानं झाडली. "असू द्या. पाय धुवा, च्या ठेवतो."

मष्णू उंबऱ्यावर बसला. आत जयाबाईनं ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि मग बंद केल्याचा.