मॅडमच्या युक्त्या आणि आम्ही तिघं

मनाच्या दुखण्याचे किस्से करू नयेत म्हणतात, पण दर मंगळवारी भेटलं की ते साचतातच. इंदूरच्या समुपदेशक मॅडमनी बुऱ्हाणपुरात आमचा वर्ग घेतला. जुनं दुःख अचानक उसळलं तर काय करायचं, त्या युक्त्या शिकवल्या आणि परत गेल्या. मी शाळेत क्लार्क, किल्ली माझ्याकडे. म्हणून आता शाळा सुटल्यावर आम्ही तिघंच एका वर्गात बसतो.

* * *

रमेशभाऊ पॉवरलूम चालवतात. एकदा लाईट गेली, सगळे लूम थांबले आणि त्या शांततेतच त्यांचे वडील गेले. तेव्हापासून खडखडाट थांबला की यांची छाती धडधडते. मॅडम म्हणाल्या होत्या, "डोळे मिटा, एखादी शांत जागा आठवा."

"मॅडम, शांत जागेचंच तर टेन्शन आहे ना!"

शेवटी त्यांनी मोबाईलमध्ये लूमचाच आवाज भरून घेतला. परवा लाईट गेल्यावर तो लावला, तर शेठ पळत आले. "लाईट नाही, मग लूम कोणाचा चालू आहे?"

* * *

माझं दुखणं म्हणजे दार. कुणी आपटलं की मी पुन्हा लहान होऊन वडिलांसमोर मार खायला उभा राहतो. त्यावर मॅडमची युक्ती म्हणजे सहापर्यंत मोजत श्वास सोडायचा. एकदा हेडसरांनी दार आपटलं आणि विचारलं, "पेपरचे गठ्ठे किती?"

"सहा," मी म्हणालो. होते अकरा.

* * *

विमलकाकू फोपनार गावच्या. केळी भरायला आलेला ट्रक मागे येताना त्यांचा मुलगा गोपाल त्याखाली सापडून गेला. तेव्हापासून त्या इथं लेकीकडे राहतात. घरी जायची फार ओढ, पण ट्रकचा रिव्हर्सचा आवाज आला की मटकन खाली बसतात. 'समोरच्या पाच वस्तू सांगा' ही युक्ती आम्ही त्यांच्याकडून महिनाभर घोकून घेतली.

"फोपनारात काय दिसन मले? केळी, केळी, केळी..."

हसलो आम्ही. त्याही हसल्या.

* * *

गेल्या आठवड्यात त्यांना घेऊन फोपनारला गेलो. शेताच्या बांधावर पोचतो न पोचतो तोच एक ट्रक मागे यायला लागला. काकू खालीच बसल्या. मी "पाच वस्तू, काकू" म्हणालो आणि पुढचं मलाच आठवेना. रमेशभाऊंनी काकूंचा हात धरला. आम्ही दोघं नुसते त्यांच्याशेजारी मातीत बसलो. मला फार वाईट वाटलं, उगाच आणलं यांना.

ड्रायव्हर उतरून आला. "काकी, गाडी बंद करू का?"

काकूंनी पदरानं तोंड पुसलं.

"नको रे भाऊ, केळी तापतीन. तुम्ही भरा. मी रडते इथंच."