एका क्रियापदासाठी खापरखेड्याला गेलेल्या निमजेबाई

प्रा. विमलबाई निमजे यांची माझी पहिली ओळख झाली ती माझ्या चुकीच्या वाक्यामुळे. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती; त्याला आता पंचवीसेक वर्षे झाली. माझे घर खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत. शहरात जरीपटक्याला मामांकडे राहून मी कॉलेज करत होतो. वर्गात यायला उशीर का झाला, असे बाईंनी इंग्रजीत विचारले. सीताबर्डीवर माझी सायकल चोरीला गेली होती. मी चाचरत म्हणालो, "माय सायकल वॉज रॉब्ड." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "चोरतात ती वस्तू, तिथे 'स्टील'. लुटतात तो माणूस, तिथे 'रॉब'. सायकल चोरीला गेली, लुटले गेलात ते तुम्ही," असे त्यांनी सांगितले, आणि तास संपल्यावर चौकीत द्यायची तक्रार माझ्याकडून लिहून घेतली.

बाई विणकरांच्या घरातल्या. इंग्रजी शिकलेल्या त्या घरातल्या पहिल्याच. मराठीत एकाच शब्दाने भागते, पण इंग्रजीत दोन लागतात, अशा जोड्या त्या वर्षानुवर्षे टिपून ठेवत. आम्हाला तो छंद वाटे. त्याचे मोल मला पुढच्याच वर्षी कळले.

माझे थोरले बंधू रामदासदादा वीज केंद्रात बॉयलरवर होते. एके दिवशी त्यांच्या जागी येणारा माणूस आला नाही. फोरमनने दादांना थांबण्याचा हुकूम पाठवला आणि तो मोडून ते घरी गेले, असा त्यांच्यावर आरोप आला. खुलासा इंग्रजीत द्यायचा होता. दादा मला म्हणाले, "मले निरोप भेटलाच नाही गा. हुकूम झाला असं ते म्हणते, ते मी नाकारतो, असं लिही." मी ऐटीत लिहिले, 'आय रिफ्यूज द ऑर्डर.' दादांनी सही करून कागद कचेरीत दिला.

दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल मी बाईंना दाखवली. शाबासकी मिळेल असे वाटले होते. बाईंनी ती दोनदा वाचली.

"हे दिलंत?"

"काल दिलं, बाई."

"झालेली गोष्ट खरी नाही म्हणायचं तर 'डिनाय'. सांगितलेलं काम करणार नाही म्हणायचं तर 'रिफ्यूज'. भावानं हुकूम मोडला, असं तुम्ही त्याच्याच सहीनं लिहून दिलंत."

दादांच्या नोकरीवर आमचे सहा माणसांचे घर चालत होते. बाईंनी दुपारच्या तासांना दुसऱ्या प्राध्यापकांना पाठवले आणि मला घेऊन खापरखेड्याची बस धरली. निर्णय झाला असेल तर, हा एकच विचार वाटभर माझ्या डोक्यात होता.

वसाहतीत पोचल्यावर त्यांनी आधी दादांना विचारले, "भाऊ, खरं सांगा. निरोप भेटला होता काय तुमाले?"

"नाही बाई. आईची शपथ."

"शपथ नको. मी शब्दापुरती साक्ष देईन. घडलं काय, ते तुमाले सांगा लागन."

कचेरीतला कारकून भला होता. जुना कागद गुपचूप बदलून देतो, असे तो कुजबुजला. मला त्याचे पाय धरावेसे वाटले. बाईंनी मात्र ठाम नकार दिला. "तो तिथंच राहू द्या. चूक कशी झाली ते दुसऱ्या कागदावर लिहू." तो कागद त्यांनी माझ्याकडूनच लिहवून घेतला. माझ्या अर्धवट इंग्रजीमुळे भावाच्या म्हणण्याचा अर्थ उलटा झाला, असे मी लिहिले. खाली, आपण शिक्षिका असून दोन क्रियापदांतला फरक असा आहे, हे बाईंनी चार ओळींत लिहून सही केली.

पुढचे पाच आठवडे आमच्या घरात कोणाला धड जेवण गेले नाही. दादा मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच मला सहन होत नव्हते. त्या काळात बाई दर सोमवारी विचारत, "काही कळलं?" मी नकारार्थी मान हलवी. शेवटी चौकशीत निरोप्याने कबूल केले की दादा सापडले नाहीत म्हणून तो तसाच परत फिरला होता. अधिकाऱ्यांनी दुसरा खुलासा ग्राह्य धरला. दादांची नोकरी राहिली.

आज मी स्वतः इंग्रजी शिकवतो. कोणाचाही अर्ज लिहून देताना अजून छातीत धडधडते, आणि ती धडधड मला मोलाची वाटते.

बाईंनी साठी गाठली आहे. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची पुढच्या महिन्यात आहे, तरी सीताबर्डीच्या गर्दीत त्या एकट्या हिंडतात, आणि आम्हा विद्यार्थ्यांच्या जिवाला घोर लागतो. सोबत येऊ का म्हटले की त्यांना राग येतो. तो राग आम्ही आनंदाने सोसू. त्यांची दृष्टी निर्मळ राहो, पाय धड राहोत, आणि आमच्या चुका काढायला त्या आणखी पुष्कळ वर्षे आमच्यात असोत.