सुभद्राबाईंची उगवण

विजेचा दाब वाढून आरोग्य केंद्रातला कॉम्प्युटर जळाला, आणि नेमका त्याच दुपारी दूरच्या एका दवाखान्यातून फोन आला. केंद्राच्याच एका गावातून ऊसतोडीला गेलेली मंगल बाळंतपणात अडली होती, शुद्धीवर नव्हती. मागच्या खेपेला कुठल्याशा इंजेक्शननं ती मरता मरता वाचली होती, एवढंच नवऱ्याला आठवत होतं. ते इंजेक्शन कुठलं, हे डॉक्टरांना लगेच हवं होतं.

केंद्राच्या सात गावांच्या रुग्णनोंदींचे सात छोटे डेटाबेस कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या रामेश्वरनंच बसवून दिले होते. रोजचा बॅकअपही लावला होता. कुठं? तर त्याच जळालेल्या डिस्कवर! घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावणारा शहाणा तो हाच.

नोंदी भरणाऱ्या सुभद्राबाईंनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

"एक हितं, एक घरी, एक माजलगावला बहिणीकडं. लाव बरं तुज्या लॅपटॉपला."

"पण मावशी, उघडंल का? कॉपी लई येळा खराब निघती."

"उगवण बघितलीय म्या."

हा शब्द रामेश्वरनं पूर्वीही ऐकला होता आणि हसण्यावारी नेला होता. बाईंच्या माहेरी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते बघायचे. एका साली बघायचं राहिलं. बी दिसायला टपोरं, पण अर्धं रान मोकळंच राहिलं. तेव्हापासून बाईंचा नुसत्या दिसण्यावर भरवसा नाही. दर महिन्याला सातही गावांचे पेनड्राइव्हवरचे बॅकअप त्या केंद्रातल्या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडत आणि वहीत टिपलेली दहा-दहा नावं त्यात सापडतात का ते बघत. "मावशी कॉम्प्युटरला मोड आणतात," असं रामेश्वर सगळ्यांना सांगत सुटायचा.

आता त्यानंच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. फाइल उघडली. मंगलचं नाव आलं, पुढं इंजेक्शनचं नाव, खाली तारीख. बाईंनी ते फोनवर अक्षर अक्षर करून दोनदा सांगितलं.

डिग्री रामेश्वरकडं होती, अक्कल मात्र त्या गोणपाटात होती. त्याला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि तो पडलाही.

"ऊठ की बाबा, काम हाय," बाई म्हणाल्या.

तासाभरानं पुन्हा फोन वाजला. मंगल शुद्धीवर आली होती, मुलगी झाली होती. बाईंनी डोळे पुसले, लॅपटॉपवर नवी नोंद भरली आणि घरचा व माजलगावचा पेनड्राइव्हही मागवून घेतला. पोरीला अजून नाव नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत ती तिन्ही पेनड्राइव्हवर होती.